दुधीचे टोक

पळसदरीच्या माझ्या परसात त्या पावसाळ्यात हातभरही जागा मोकळी नव्हती. रेशनिंगचे ते दुसरे वर्ष. कर्जतच्या बाजारात भाजी येई ती महाग आणि मलूल. म्हणून पागोळ्यांच्या रेषेबाहेर तेरडा व झेंडू, वाफ्यांत भेंडी, ओलसर कोपऱ्यात अळू आणि मधोमध बांबूच्या मांडवावर दुधी, अशी आखणी मी केली होती. पाऊस असा लागून राहिला की दर चार दिवसांनी चर मोकळे करावे लागत, कुजलेली पाने खुडावी लागत. शाळेतून निवृत्त झालेल्या आणि एकट्याने राहणाऱ्या माणसाला एवढे काम पुरेसे होते.

दुधीचे बी घरचेच होते. गेल्या वर्षीच्या सर्वोत्तम फळाचे बी मी राखेत घोळवून, पुडी बांधून, तिच्यावर तिथी लिहून ठेवले होते. त्याच वर्षी माझ्या कुंपणावर कडू भोपळ्याचाही एक वेल होता. त्याचे वाळलेले भोपळे पाठीला बांधून गावची मुले पोहायला शिकत, म्हणून मी तो राखला होता. त्यावरून ओहोळापलीकडच्या चंद्राबाईशी माझा वाद झाला होता.

"मास्तर, तो कडू येल काढा कुपाटीवरनं. तुमच्या दुधीचं बी नासवंल तो."

"चंद्राबाई, दोहोंची मुळे निराळी, माती निराळी, मांडव निराळा. कडूपणा काय वाऱ्यावरून येतो?"

"फूल काय कुपाटी बघतं व्हय? दोनी पांढरी, दोनी सांजचीच फुलतात. पाकोळ्या हितनं उठतात नि तितं बसतात."

"हे शास्त्र कोणी सांगितले तुम्हांला?"

"माज्या सासूनं," असे म्हणून ती हसली होती. "तुमी काय, येलाकडनंबी पाढे म्हणवून घ्याल!"

मी वाद जिंकला, निदान तसे मला वाटले, आणि वेल कुंपणावर राहिला.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी मांडवावरचा पहिला दुधी तोडण्याजोगा झाला. चंद्राबाईची मुलगी जनी पहिलटकरीण, आठवा महिना लागलेला, माहेरी आली होती. तिला दुधी खावासा वाटत होता. सकाळी ओहोळावरच्या साकवावरून जाऊन मी तो चंद्राबाईच्या ओटीवर ठेवला. तिने सवयीने विळीवर त्याचे टोक कापले आणि कापलेली चकती जिभेकडे नेऊ लागली. प्रत्येक दुधीचे, प्रत्येक काकडीचे टोक चाखल्याखेरीज ती चुलीवर काही चढवीत नसे.

"माझ्या हातच्या बियाचे फळ आहे," मी म्हणालो. "त्याचीही परीक्षा घेता?"

ती ओशाळली. चकती तिने विळीशेजारी ठेवून दिली. "नाय वो मास्तर, हाताला खोड लागलीय," असे म्हणून तिने दुधी आत नेला.

दुपारी त्याच वेलाचा दुसरा, लहान दुधी मी स्वतःसाठी शिजवला. पहिला घास जिभेवर ठेवला मात्र, आणि तो तसाच थुंकून टाकला. कारल्याचा कडूपणा ओळखीचा असतो. हा तसा नव्हता. तो घशात रुतला, पाण्याने जाईना. असल्या दुधीने माणसे दगावल्याचे मी ऐकले होते आणि अडाण्यांची अतिशयोक्ती म्हणून ते सोडून दिले होते.

मी छत्री न घेता धावलो. ओहोळ सकाळपेक्षा हातभर चढला होता. साकवाच्या ओंडक्यावरून पाणी सरकत होते आणि पायाखालचे लाकूड दिसत नव्हते. मध्यावर माझा पाय घसरला, मी गुडघ्यावर आलो आणि उरलेले अंतर रांगत ओलांडले. चंद्राबाई ताजी भाजी भाकरीबरोबर दुपारीच वाढी. मला त्या ताटाखेरीज दुसरे काही दिसत नव्हते.

"चंद्राबाई! दुधी खाऊ नका! खाल्लात का?"

ती दारात उभी होती. चेहरा पांढराफटक. आतून जनीच्या ओकाऱ्यांचा आवाज येत होता.

"माजा सोमवार. मी नाय खाल्लं," ती म्हणाली. "पोर म्हणत व्हती, आये, कडू लागतंय. मीच म्हणलं, गरवारपणी तोंडच कडू असतं गं. मास्तरांनी दिलंय, टाकू नको. खायला लावलं वो मी तिला."

जनी भिंतीला टेकून बसली होती. हातपाय गार, कपाळावर घाम, दोन्ही हात पोटाशी. समोरच्या घमेल्यात ओकारी होती आणि तिच्यात रक्ताचे धागे होते. तिचा बाप हिरामण शेतावरून आला, त्याने एकदाच घमेल्याकडे पाहिले आणि रस्ता पाण्याखाली असल्याने रेल्वेच्या रुळांवरून कर्जतकडे डॉक्टरसाठी पळत सुटला.

"मास्तर," जनीने मला विचारले, "पोटातलं हालत नाय. कवापासनं हालत नाय. का वो?"

चंद्राबाई चमच्याने मीठसाखरेचे पाणी पाजत होती आणि मी घमेले धरून बसलो होतो. विळीशेजारी ती चकती अजून पडून होती. ती एकदा जिभेला लागली असती तर पुरे होते.

चार वाजता डॉक्टर आले. त्यांनी सुई टोचली, पोटाला नळी लावून बराच वेळ ऐकले. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीही कळत नव्हते. शेवटी ते म्हणाले, "ठोका आहे. तिने भाजी थोडी खाल्ली आणि लगेच ओकली, म्हणून निभावले." चंद्राबाई तेथेच खाली बसली आणि मोठ्याने रडू लागली. तिने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

त्याच संध्याकाळी मी मांडव मोडला, कुंपणावर आपसूक उगवलेला कडू वेल उपटला आणि बियांची पुडी तिथीसकट चुलीत टाकली. फुलझाडे तेवढी राखली. तरीही महिनाभर पाऊस रात्री वाढला की ओहोळापलीकडून कोणी हाक मारते आहे असे वाटून मी दार उघडत असे.

भाद्रपद सरता जनी बाळंत झाली, मुलगी झाली. बारशानंतर मी भीतभीतच बाजारातली एक काकडी घेऊन गेलो. चंद्राबाईने विळी माझ्यापुढे सरकवली. मी टोक कापले आणि तोंडात टाकले. मांडीवरच्या मुलीला थोपटता थोपटता जनी माझ्या तोंडाकडे एकटक पाहत होती.

"गोड हाय?" चंद्राबाईने विचारले.

"गोड आहे."

"मग आता दुसऱ्या बाजूचं."

मी काकडी फिरवली आणि दुसरे टोक कापले.