पदरात घालणे

चिंतामणीपंत वादात हरल्याचे बेळगावात कुणी पाहिले नव्हते, आणि पाहिले असते तरी पंतांनी त्याला ते पटू दिले नसते. टिळकवाडीतल्या घरातून ते रोज सकाळी कॅम्पातल्या पाद्रीसाहेबांकडे जात आणि हिब्रू शास्त्राच्या मराठी भाषांतरावर दुपारपर्यंत झटापट करत. अलीकडे सगळे काम ‘याकाह’ या एका क्रियापदापाशी अडले होते. वाद घालणे, कानउघाडणी करणे, चूक सिद्ध करणे, निवाडा देणे, एवढे सगळे त्यात होते. आणि एका जागी तर तेच क्रियापद नवरी नेमून देण्यासाठी आले होते. साहेबांना या सगळ्याला एकच मराठी शब्द हवा होता.

"पदरात घालणे," पंत म्हणाले. "चूक पदरात घालतात, निवाडा पदरात पडतो, आणि मुलगीही पदरातच घालतात."

साहेबांनी हात टेकले.

पंत खुशीत घरी आले, तर तिथे दुसरा वाद तयार होता. सोळा वर्षांच्या बेबीला मॅट्रिक व्हायचे होते आणि पंतांनी तिच्यासाठी संकेश्वरचा चाळिशीतला बिजवर जवळजवळ पक्का केला होता. या एका गोष्टीत विनोदिनीबाई नवऱ्यापुढे मान तुकवायला तयार नव्हत्या. पोर तिथे झुरून मरेल, असे त्या म्हणाल्या. पंतांनी जेवता जेवता त्यांचा एकेक मुद्दा खोडून काढला आणि शेवटी म्हणाले, "तुझी चूक तुझ्या पदरात घातली बघ."

विनोदिनीबाई उठल्या. जोंधळे भरून घ्यावेत तसा त्यांचा पदर पुढे ओथंबला होता, आणि तो त्यांनी दोन्ही हातांनी सावरून धरला होता.

"काय आहे त्यात?"

"तुम्हीच घातलंत की आत्ता."

परसातून त्या रिकाम्या पदराने परत आल्या. पंतांना गंमत वाटली. बायका वादात हरल्या की असली सोंगे करतात, असे त्यांचे ठाम मत होते.

रविवारी मुलाची आई, अक्काताई, संकेश्वरहून आल्या. अगदी काडीसारख्या किरकोळ बाई. पोहे झाले, बोलणी झाली. "अण्णा, मला नको हो," म्हणून बेबी रडू लागली, तेव्हा पंतांनी तिलाही दोन मुद्द्यांत गप्प केले. विनोदिनीबाई एवढेच म्हणाल्या, "तो शब्द तेवढा उच्चारू नका." शब्दाला भिणारे पंत नव्हेत.

"अक्काताई, आमची मुलगी तुमच्या पदरात घातली."

अक्काताईंनी पदर पसरला होता, तो एकदम ओझ्याने खाली आला. त्यांनी तो घाईने गोळा करून पोटाशी धरला आणि कुणाकडे न बघता त्या बाहेर पडल्या. त्यांना मोटारीच्या अड्ड्यावर न्यायला मष्णूची बैलगाडी उभी होती. पंत पोचवायला गेले. अक्काताई मागून एकट्याच चढल्या, तशी गाडी मागे कलली आणि बैलांच्या मानेवरचे जू वर उचलले गेले.

"आक्का, दोघीबी फुडं सरका की," मष्णू मागे न बघताच ओरडला. "गाडी उलार हुतीया."

पंत गर्रकन वळले. बेबी दारातच उभी होती. त्यांच्या जिवात जीव आला. तेवढ्यात "बेबी, अगं बेबी" करत विनोदिनीबाई, दारात कुणी नसल्यासारख्या, तिच्या अगदी जवळून अंगणात आल्या, आणि तिला शोधत परसाकडे धावल्या.