नाण्यावरचे दोन हात

माझा नवरा फिलेरोस रोमच्या टांकसाळीत ठसे कोरायचा. त्या वर्षी नव्या सम्राटाच्या रुप्याच्या नाण्याचा हुकूम आला. एका बाजूला सम्राटाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला एकमेकांत गुंफलेले दोन हात आणि भोवती अक्षरं, ‘सैन्याची एकी’. चेहरा त्याने दोन दिवसांत उतरवला. हात मात्र जमेनात. मेणातला प्रत्येक नमुना मुळ्यांच्या जुडीसारखा दिसायचा.

शेवटी मी खालच्या मजल्यावरून आईबाबांना आणून खिडकीपाशी बसवलं. दोघांनीही आढेवेढे घेतले. चार वर्षांपूर्वी बाबा माझ्या भावाला, पान्साला, मासळी आणायला जातो असं सांगून घेऊन गेले आणि डॅन्यूब नदीवरच्या सैन्यात भरती करून एकटेच परतले. तेव्हापासून आई त्यांच्याशी बोलत नव्हती. निरोप माझ्यामार्फत जायचे.

पहिल्या दिवशी तिने हात दिला तो मेलेला मासा द्यावा तसा. तोंड भिंतीकडे. बाबांच्या तळव्याला घाम सुटला होता.

दुसऱ्या दुपारी तिने फिलेरोसला विचारलं, नाण्यावर लिहिणार काय? त्याने अक्षरं सांगितली.

“जावईबापू, ही नाणी सैनिकांना पगारात देतात ना?”

“सगळ्यांत आधी त्यांनाच.”

“डॅन्यूबवरसुद्धा?”

“तिथे तर पेट्याच्या पेट्या जातात.”

आई बाबांकडे वळली. “नीट धरा हो. पोराला कळायला हवं, आपले हात आहेत ते.”

बाबांची करंगळी कधीतरी भिंत बांधताना मोडून वाकडी जुळली होती. ती लपवायचं ते विसरले.

“रडला गं तो माझ्यापुढे, विबिया. जायचंच म्हणाला.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तू जाऊ दिलं नसतंस.”

“नसतंच दिलं,” ती म्हणाली. पण हात काढून घेतला नाही.

नमुना त्याच दिवशी पुरा झाला होता. तरी फिलेरोस आणखी तीन दुपारी त्यांना बोलावत राहिला आणि मेणावर उगाच रेघा ओढत बसला.

टांकसाळीच्या अधिकाऱ्याने नमुन्यातली ती वाकडी करंगळी सरळ करायला लावली. हे फिलेरोसने मला सांगितलं, आईला नाही.

पान्साकडून अजून काही कळलेलं नाही. बाबांना आता कमी ऐकू येतं, म्हणून आई मोठ्याने बोलते. संध्याकाळी ते पाणी घेऊन चढू लागले की तिचा आवाज आमच्यापर्यंत पोचतो, “सावकाश या, वरची पायरी निसटलीय.”