वाडी नसलेला नकाशा

नगरपंचायतीच्या सभागृहात अध्यक्षांच्या खुर्चीमागे टांगलेला नकाशा तो मीच. विकास आराखड्याचा नकाशा. येणारा-जाणारा मला बोट लावून जातो, पण माझं ऐकून कुणी घेत नाही. आज मात्र मला बोलायचंच आहे. मनात ठेवून ठेवून जीव अगदी विटलाय.

माझ्या अंगावर रंग आहेत. पिवळा म्हणजे राहती घरं, निळा म्हणजे दुकानं, हिरवा म्हणजे शेती. लोक आधी आपली जमीन शोधतात आणि ती सापडली की लगेच शेजाऱ्याची. त्याला रस्ता लागून मिळाला आणि आपल्याला नाही, असं दिसलं की झालं! चहासुद्धा गोड लागत नाही त्यांना.

माझ्यासाठी जागेची मोजणी केली देवेश नावाच्या तरुण इंजिनिअरने. पोरगा मेहनती, पण घाटावरचा. किनाऱ्यावरच्या मच्छीमार वाडीत तो पोचला, तर तेवीसच्या तेवीस घरांना कुलपं. चुली थंड. कुत्रं नाही, कोंबडी नाही. विचारायला चिटपाखरू नाही. कोकणात मुंबईकरांची बंद घरं काय कमी असतात? त्याने आपलं लिहून टाकलं, 'बंद, वापर नाही'. आणि पुढे त्या जागी पिवळ्याऐवजी माझ्यावर आडव्या रेघा आल्या. वाहनतळ व पर्यटक सुविधा.

अरे देवा! त्या दिवशी गावपळण होती. देवाचा कौल झाला की ती अख्खी वाडी घरं सोडते. गुरं, कोंबड्या, पोरंबाळं, सगळ्यांनी वेशीबाहेर झावळांच्या खोपीत तीन दिवस राहायचं. मग पुन्हा कौल लावायचा, देवाने हो म्हटलं की परत फिरायचं. देवेश आला तो नेमका दुसऱ्या दिवशी. त्याला बिचाऱ्याला कोण सांगणार?

मला पाहायला वाडीतून पहिली आली शेवंती. मासे विकणारी, पन्नाशीची, आवाज खणखणीत. पाटी जिन्याखाली ठेवून, हात पदराला पुसून ती माझ्यापुढे उभी राहिली. बराच वेळ समुद्राच्या कडेने बोट फिरवत राहिली.

"रे बाबा, ह्यात माजा घर खंय आसा?"

मी काय सांगणार? माझ्या अंगावर तिचं घर नव्हतंच.

तिने हरकतीचा अर्ज दिला. किनाऱ्यावरच्या त्या घरांना ना सातबारा, ना घरपट्टी. तिथे आजेपणजे जन्मले आणि तिथेच गेले, पण कागद म्हणून काही नाही. तेव्हा हरकती ऐकणाऱ्या समितीने ठरवलं, की मोजणीच्या दिवशी वाडीत माणूस राहत होता एवढं दिसलं, तरी पिवळा रंग द्यायचा. एवढ्याशा गोष्टीवर तेवीस घरं अडली होती.

सुनावणीच्या सकाळी, माझ्यासमोरच, वॉर्डाचे नगरसेवक भाई तिला बाजूला घेऊन तिच्या म्हाताऱ्या आईविषयी म्हणाले, "गो शेवंती, इतकाच सांग, आवस घरात होती म्हणान. दुखणेकरी, उठाक जमला नाय. बाकीचा मी बघतंय."

शेवंतीने कपाळाला हात लावला. "भाई, देवाची पळण चलली असताना माझी आवस घरात रवली म्हणान सांगू? चौघांनी खुर्चीत बसवन तिका वेशीभायर नेली. मी खोटा सांगूचंय नाय."

भाई मागे सरले. तेही त्याच देवाचे.

सुनावणी सुरू झाल्यावर समितीच्या साहेबांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "बाई, त्या दिवशी घरात कोण होतं?"

"कोणच नाय, साहेब. आमी सगळी देवाच्या हुकमान भायर गेलंव."

साहेबांनी पेन उचललं. "म्हणजे वाडीत कोणीच राहत नव्हतं?"

"त्या तीन दिसात नाय."

साहेबांनी लिहिलं फक्त 'नाही'. 'त्या तीन दिवसांत' हे लिहायचं राहूनच गेलं. मी भिंतीवरून बघत होतो हो! एक शब्द बोलता आला असता तर ओरडून सांगितलं असतं, की ही बाई खरं बोलतेय म्हणून तिचं घर जातंय.

मग सर्वसाधारण सभा. सतरा सदस्य, कांदाभजी, चहा. विषय क्रमांक सात, माझी मंजुरी. अध्यक्षांनी मंजूर का म्हणून विचारलं, तोवर निम्मे हात वर गेलेसुद्धा. भाईंचा हात सगळ्यात शेवटी उठला, पण उठला. मागच्या बाकावर शेवंती पदर तोंडाशी धरून बसली होती. त्याच दुपारी माझ्या कोपऱ्यावर शिक्का बसला. नव्या कपड्यांवर डाग पडावा तसं मला वाटलं.

ह्या वैशाखात वाडी रिकामी झाली. शेवंती आता एसटी स्टँडमागे एका भाड्याच्या खोलीत आईला घेऊन राहते. परवा कसल्याशा दाखल्यासाठी इथे आली, तेव्हा सभागृहाच्या दारासमोर, जिन्यात भाई भेटले. तिने भांडण केलं नाही. एवढंच विचारलं, "भाई, देव भायर काढता तो तीन दिसांनी परत बोलयता. तुमी काढलास, आता परतीचो कौल कोण देतलो?"

भाई मान खाली घालून जिना उतरले. ती सभागृहात आली, पण ह्या खेपेला तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.