धने रगडणारी वहाण

मी एक जुनी वहाण आहे, आणि तीही एकटीच, डाव्या पायाची. हसू नका मित्रांनो. एकट्या वहाणेला कुणी विचारत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण माझी गोष्ट जरा निराळी आहे.

ईट गावच्या बाजारात एका म्हाताऱ्या कारागिराने मला जाड कातड्याची शिवली आणि रेवणप्पांनी विकत घेतली. विहिरीजवळ त्यांचे माळवे होते. भाजीपाल्याला आमच्याकडे माळवं म्हणतात. पाणी देताना ते आम्हा दोघींना बांधावर काढून ठेवत. तिथूनच एका कुत्र्याने माझी जोडीदारीण पळवली. मला फार रडू आले. रेवणप्पांनी नवा जोड आणला, पण त्यांच्या बायकोने, नागूबाईने, मला धुऊन धने रगडायला ठेवले.

अख्खा धना पेरला तर कोथिंबीर विरळ उगवते. त्याच्या दोन डाळी व्हाव्या लागतात. पोत्यावर पसरून माझ्या तळव्याने रगडला, की तो नेमका फुटतो, चुरा होत नाही. गौरी-गणपती झाले की गवार-भेंडीची शेवटची तोडणी व्हायची, नवे वाफे पडायचे आणि मला हाक यायची.

"पायताणाबिगर कोथमीर दाट येत न्हाय," रेवणप्पा चेष्टेने म्हणायचे आणि मी फुगून जायचे. काय दिवस होते ते!

रेवणप्पा गेले. त्यांनी जपलेले गावरान धने नागूबाई दरवर्षी पेरत राहिली आणि पुढच्या बियाला एक ओळ राखत राहिली. गेल्या हिवाळ्यात ती ओळ अवकाळी पावसाने कुजली. घरात उरले ते गाडग्याच्या तळाशी थोडेसे धने.

यंदा नागूबाई मोतीबिंदू काढायला धाराशिवला गेली. घरी नवी सून शुभांगी होती. घटस्थापनेआधी तिने दसरा काढला, म्हणजे घरातली एकूण एक वस्तू धुतली, नको ती टाकली. मला टाकले उकिरड्यावर. तिला बोल लावत नाही, पण जिवाला लागले खरे.

मग सासूला बरे वाटावे म्हणून ती धने पेरायला निघाली. रगडायचे असतात एवढे तिने ऐकले होते. तिने घेतला वरवंटा! परसातून तो आवाज आला आणि माझे काळीजच हलले. धन्यांचे पीठ झाले. ओंजळभर उरले तेव्हा तिच्या ते ध्यानात आले.

नागूबाई काळा चष्मा लावून परतली. शुभांगीने रडत सगळे सांगितले.

"आत्या, मामंजींचं बियाणं घालवलं मी."

नागूबाईने उरलेले ओंजळभर धने चाचपून पाहिले. मग म्हणाली, "तुला कोण सांगणार व्हतं? म्याच न्हाय सांगितलं. माझं पायताण कुठंय?"

"ते एकलं? उकिरड्यावर टाकलं."

शुभांगीने स्वतः उकरून मला काढले, घासून धुतले, उन्हात वाळवले. पोत्यावर धने पसरले, पण तिचा हात थांबला.

"आत्या, बियाण्याला पायताण लावायचं?"

"तुझ्या मामंजींचा पाय हाय त्यो. रगड, पर हळू."

डॉक्टरांनी नागूबाईला धुळीत जायला मनाई केली होती. म्हणून प्रथमच नागूबाईशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाताने मला धरले. धने कुरकुर फुटू लागले आणि नागूबाईने चष्म्याखालून डोळे पुसले.

छोटासा वाफा उगवला, दाट, हिरवागार. वास अंगणापर्यंत येऊ लागला. दिवाळीच्या तोंडावर शुभांगीने विचारले, "आत्या, फराळाच्या चिवड्याला थोडी काढू का?"

"एक काडी न्हाय. सगळी बियाला धरायची. आन् औंदापास्नं बियाणं तू सांभाळायचं."

मित्रांनो, घर आवरताना एखादी एकटी, निरुपयोगी वस्तू हाती आली, तर टाकण्याआधी घरच्या थोरांना एवढेच विचारा, की ही कशासाठी ठेवली आहे? आमच्या घरी या दिवाळीचा चिवडा कोथिंबिरीशिवायच झाला, आणि सगळ्यांनी तो मिटक्या मारत खाल्ला.