उपडा पेला

पाणी पिऊन झालं की पेला माठाच्या झाकणावर उपडा ठेवायचा, हा माझ्या बायकोचा, स्वेचा नियम होता. उताणा ठेवला की त्यात धूळ बसते, मुंग्या जातात. आमच्या झोपडीसमोर रस्त्याच्या कडेला चिंचेखाली पाणपोई आहे. सहा माठ, वर गवताचं छप्पर. स्वेच्या आईने बांधली, मग स्वेने चालवली. कोणी वाटसरू पेला तसाच टाकून निघाला की स्वे चुलाणापासून ओरडायची, "दादा, पेला! पुढच्याने काय मुंग्या प्यायच्या?"

स्वेला जाऊन वर्ष होत आलं. आता माठ मी भरतो. पहाटे ताडावर चढायच्या आधी भरतो आणि पेला उपडा ठेवतो. भर दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, तेव्हा माठावर पत्र्याचा पेला वाजतो. एकदाच. मी उठून बघतो. पेला उताणा असतो आणि तळाशी घोटभर पाणी असतं.

मी हे कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, थाउंगची बायको अजून गेली नाही. आणि मग विचारलं असतं, का नाही गेली?

ते मला माहीत होतं.

आमच्याकडे पोपा डोंगराच्या या बाजूला ताडाशिवाय दुसरं काही नीट येत नाही. पुरुष पहाटे आणि दिवस कलताना ताडावर चढून रसाची मडकी उतरवतात, बायका रस आटवून गूळ करतात. रस थांबत नाही. सकाळचा रस दुपारपर्यंत आटवला नाही तर आंबतो. म्हणून ऐन चैत्राच्या उन्हात, जेव्हा माणसाने सावलीत पडून राहायचं, तेव्हा बायका चुलाणासमोर बसलेल्या असतात. वरून ऊन, समोरून जाळ.

गेल्या वर्षी पाण्याचा सण संपून चार दिवस झाले होते. सणात आम्ही एकमेकांवर बादल्याच्या बादल्या ओतल्या होत्या. स्वेने मला मागून येऊन भिजवलं होतं आणि हसत हसत पळताना तिची चप्पल तुटली होती. त्या दिवशी दुपारी मी झोपडीत आडवा झालो होतो. ती चुलाणापासून उठून आली. चेहरा लाल, गालावरचा तनाखाचा लेप भेगाळलेला, आणि अंगावर घामाचा थेंब नाही.

"को थाउंग," ती म्हणाली, "डोक्यावर पाणी ओत ना."

"आत्ता? अंग बघ किती तापलंय. जरा निवू दे."

"एक पेला तरी ओत."

तापल्या अंगावर पाणी घेतलं की अर्धं अंग जातं, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. माझ्या आईने मला शिकवलं, तिला तिच्या आईने. मी स्वेला आडवं केलं. ती काहीतरी बडबडायला लागली, मला तिच्या बापाच्या नावाने हाक मारायला लागली. शेजारच्या दॉ पु धावत आल्या. गावात सगळ्यांची बाळंतपणं त्यांनीच केलेली.

"पाणी लावू नकोस हं, मौंग थाउंग," त्या म्हणाल्या. "वारा भरलाय अंगात. गोधडी घाल. बाम चोळ."

मी गोधडी घातली. पाय चोळले, पाठ चोळली. तिने दोनदा हात बाहेर काढून पाणपोईकडे केला आणि दोन्ही वेळा मी तो हात आत घेतला. सहा माठ भरलेले होते. वीस पावलांवर.

दिवस कलायच्या आत ती गेली.

नंतर आरोग्य केंद्राची नर्स कागद करायला आली. तरुण मुलगी होती. तिने सगळं विचारून घेतलं आणि मग म्हणाली, "काका, पाणी का नाही ओतलं? घाम बंद झाला की आधी सावली, मग अंगभर पाणी, मग वारा. शुद्ध नसेल तर तोंडात घालायचं नाही, पण अंगावर ओतायचंच." ती रागावून म्हणाली नाही. माहिती सांगावी तसं म्हणाली. तेव्हा तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हतं आणि मी ते कोणाला कळू दिलं नाही.

सातव्या दिवशी भिक्षू आले. गेलेल्या माणसाला पुण्य पोचवायचं तर झारीतून वाडग्यात थेंब थेंब पाणी सोडायचं असतं. पाणी सोडलं की तो जीव मोकळा होतो, घर सोडतो. मी झारी हातात घेतली. थोरले भिक्षू, सयादॉ, मंत्र म्हणत होते. माझ्याने झारी वाकडी करवेना. आता ओततोस होय, असं कोणीतरी कानाशी म्हटल्यासारखं झालं. शेवटी लोकांना वाटलं दुःखाने हात चालत नाही. दॉ पुंनी झारी घेतली आणि त्यांनी पाणी सोडलं. पण ते नवऱ्याने सोडायचं होतं.

म्हणून पेला वाजत होता.

या वर्षी हंगाम सुरू झाला तेव्हा स्वेची धाकटी बहीण न्युन माझ्याकडे रस आटवायला आली. तिचा नवरा यांगूनला बांधकामावर असतो. ती स्वेसारखीच बसते, एक पाय पोटाशी धरून. तोंड मात्र तिचं जास्त चालतं. मला ती अको म्हणते, म्हणजे दादा.

"अको, हा काय गूळ की दगड? ताईने तुला काहीच शिकवलं नाही?"

"शिकवलं. मी शिकलो नाही."

"ते दिसतंयच."

मग एकदा मडकी धुता धुता ती म्हणाली, "ताई नशिबाची होती. शेवटपर्यंत तुझा हात होता अंगावर. आमचा तिकडे यांगूनला, मी मेले तर त्याला तिसऱ्या दिवशी कळेल." मी उठून गुरांना पाणी दाखवायला गेलो.

तिच्यासाठी मी काही गोष्टी बदलल्या होत्या. चुलाणावर ताडाच्या झावळ्यांचं दुहेरी छप्पर घातलं. पहाटेचा रस उजाडायच्या आतच आटवायला घ्यायचा म्हटलं. मिठाचं पाणी जवळ ठेवलं, डोक्याला ओला पंचा बांधायला लावला. ती हसायची. "अको, मी माणूस आहे, काकडी नाही." कारण तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पण रस त्या आठवड्यात फार आला. नव्या झाडांना एकदम पान्हा सुटला होता. दुपार झाली तरी दोन काहिली उकळत होत्या. मी पडलो होतो, झोप नव्हती. पेला वाजला.

त्या दिवशी तो एकदाच वाजून थांबला नाही. वाजत राहिला.

मी बाहेर आलो. पाणपोईपाशी न्युन होती. माठाच्या कडेला धरून उभी होती, हातातला पेला पुन्हा पुन्हा झाकणावर आपटत होता. तिला तो माठात घालता येत नव्हता. पंचा कुठे पडला होता कोण जाणे. तोंड लाल, कोरडं. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "ताई कुठे गेली? आत्ता इथेच होती. तिला म्हटलं, मला पाणी घाल." आणि खाली बसली, मग आडवी झाली.

दॉ पुंना त्यांच्या ओट्यावरून दिसलं. म्हातारी पंच्याने वारा घेत आलीच. "आत ने रे, आत ने! गोधडी आण!"

मी न्युनला चिंचेच्या सावलीत ओढलं. पहिला माठ उचलला.

दॉ पुंनी माझा दंड धरला. सत्तरीची बाई, पण पकड घट्ट. "वेडा झालास? अंग निखाऱ्यासारखं आहे तिचं. लुळी पडेल! तिच्या आईला काय सांगशील?"

रस्त्यापलीकडून दोन बाया आल्या होत्या, एक गाडीवाला थांबला होता. सगळे बघत होते. मला कळत होतं की आता पाणी ओतलं आणि ही वाचली तर या सगळ्यांना कळणार की स्वेही वाचली असती. न्युनलाही. ओतलं नाही तर कोणी मला बोल लावणार नव्हतं. मागच्या वेळी कोणी लावला होता?

"सोडा, दॉ पु," मी म्हणालो. "स्वेवर नाही ओतलं. म्हणून ती गेली."

"काय बोलतोस?"

"नर्सने सांगितलं मला. तेव्हाच सांगितलं. ती पाणी मागत होती आणि मी दिलं नाही."

त्यांचा हात सुटला. मी माठ न्युनच्या डोक्यावर, गळ्यावर, छातीवर रिकामा केला. दुसरा ओतला. माझी लुंगी भिजवून तिच्या काखेत, मांड्यांमध्ये कोंबली आणि मी चड्डीवर उभा राहिलो, कोणी हसलं नाही. तिसरा माठ उचलायला वळलो तर तो दॉ पुंनी उचलला होता. म्हातारीला पेलवत नव्हता, निम्मं पाणी तिच्याच अंगावर सांडलं. गाडीवाला झावळीने वारा घालायला लागला. पाचव्या माठाला न्युनने डोळे उघडले आणि मला एक शिवी दिली. ती शिवी ऐकून बाया रडायला लागल्या.

गाडीवाल्याने तिला गाडीत घालून आरोग्य केंद्रात नेलं. मी शेजारी बसून वाटभर तिला ओलं ठेवलं. नर्स तीच होती. तिने मला ओळखलं.

तिसऱ्या दिवशी न्युन घरी आली. काहिलीतला रस करपून गेला होता, ती तळ खरवडत बसली. पाठमोरी राहूनच म्हणाली, "दॉ पुंनी सांगितलं. ताईने मागितलं होतं?"

"हो."

"किती वेळा?"

"दोनदा तोंडाने. दोनदा हाताने."

ती खरवडत राहिली. संध्याकाळी कपड्यांची पिशवी घेऊन ती आईकडे निघून गेली. मी अडवलं नाही. उरलेला रस मी ओतून टाकला. दुपारी पेला वाजायचा, मी बघायला उठायचो नाही.

वर्षश्राद्धाला मी सयादॉंना बोलावलं. न्युनला निरोप पाठवला, पण येईल असं वाटलं नव्हतं. ती आली. माझ्या शेजारी बसली नाही, दाराशी बसली, एक पाय पोटाशी धरून. दॉ पु भिंतीला टेकून होत्या. मंत्र सुरू झाले. मी झारी घेतली.

थेंब थेंब सोडायचं असतं. मंत्र संपेपर्यंत पाणी पुरलं पाहिजे, अशी रीत आहे. मी झारी वाकडी केली आणि वाकडीच ठेवली. सगळं पाणी एकदम गेलं. वाडगा भरला, ताटात उतरलं, चटईवरून सयादॉंच्या अंगावरच्या चिवराकडे वाहत गेलं. त्यांनी चीवर आवरून घेतलं आणि मंत्र म्हणत राहिले. झारी रिकामी झाली तरी माझा हात तसाच होता.

न्युन दारातून उठून आली. माझ्या हातातून तिने झारी काढून घेतली.

"आणखी आणू?" तिने विचारलं.

"आण," मी म्हणालो.

ती बाहेर चिंचेकडे गेली. माठाचं झाकण सरकल्याचं ऐकू आलं, मग पेला पाण्यात बुडाल्याचं.