छताला गादी

चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला, दांडगा भाऊ. खांद्यावर मावत नाही, गुडघ्यांत धरून वाजवावा लागतो. घरच्या सुनेनं अकरा वर्षं वाद्यवृंदात तो वाजवला आणि मग ठरवलं, की आता स्वतःच्या रचना घरीच रेकॉर्ड करायच्या. जागा मिळाली तळघरात. छत जेमतेम साडेसहा फुटांवर, त्यातही आडव्या लाकडी तुळया. खाली अडगळ नको म्हणून तिनं माइक तुळईलाच टांगला.

पहिलंच रेकॉर्डिंग ऐकलं आणि तिनं कपाळाला हात लावला. बाकीचे सूर शहाण्यासारखे वागत होते. पण खालच्या पट्टीतला एक सूर लागला, की तळघर असं घुमायचं, जणू आत म्हैस कोंडली आहे.

नवरा दातांचा डॉक्टर, पण सल्ला सगळ्या विषयांवर. "अगं, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटव. सगळे तेच करतात." झालं! दोन महिने घरात उकडलेली अंडी, तळलेली अंडी, रश्श्यातली अंडी. शेवटी सासऱ्यांनी ताट पुढे येताच हात जोडले. "त्या कोंबड्यांना एक दिवस सुट्टी द्या रे!"

शेजाऱ्यांकडचे धरून साठ ट्रे चिकटले. म्हैस तिथंच. मग नवऱ्यानं स्पंजच्या पातळ शीट आणल्या आणि ट्रे काढून चारी भिंती मढवल्या. आता चेलो गोधडीत तोंड खुपसून गायल्यासारखा वाटायला लागला, आणि म्हैस आणखीच ठसठशीत.

सासऱ्यांची हयात सोफे आणि खुर्च्या मढवण्यात गेली होती. सुनेचं त्यांच्याशी भांडण नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. लग्नानंतरच्या तिच्या पहिल्या कार्यक्रमाला ते आले होते आणि मध्यंतरातच निघून गेले. नंतर कधी फिरकले नाहीत. "मला त्यातलं काय कळतंय," एवढंच म्हणायचे. तिनं मनाशी धरलं होतं, यांना आपलं वाजवणं आवडत नाही.

एका दुपारी ते स्वतःची शिडी न्यायला खाली आले. ती नेमका तोच सूर घासत होती. ते थबकले. भिंतीवरच्या स्पंजमध्ये त्यांनी बोट खुपसलं.

"सूनबाई, जाड माणूस पातळ गादीवर बसला तर काय होतं?"

"फळी लागते, बाबा."

"मग? हा आवाज जाड आहे, आणि गादी ही एवढीशी. वाजव बघू पुन्हा."

तिनं वाजवलं. सासरे उंच, उभे राहिले की कान छताशी. तिथं सूर नुसता गरजत होता. ते स्टुलावर बसले, तर गायब! उठले, पुन्हा गर्जना. बसले, गायब. सासरेबुवा गंभीर चेहऱ्यानं उठाबशा काढतायत आणि आपण एकच सूर ओढतोय, हे पाहून तिला हसू आवरेना.

"हसू नकोस. तुझी म्हैस भिंतीत नाहीच, वर छताशी आहे. आणि माइक तू तिच्या तोंडातच टांगलायस!"

दुसऱ्या दिवशी कामाला सुरुवात झाली. तुळयांमधल्या खोबणीत लोकरीचे वीतभर जाड थर, म्हणजे आधीच बुटकं छत आणखी खाली यायला नको. कोपऱ्यांत तसेच उभे लोड. कापड निवडताना ते प्रत्येक तुकड्याला तोंड लावून फुंकर मारायचे. "वारा आरपार गेला तर आवाज आत शिरेल. रेक्झिन लावलंस तर दारावरूनच परत." भिंतीवरचा अर्धा स्पंज त्यांनी उतरवला. ती शिडीवर कापड ताणून धरायची, ते पिना मारायचे.

तिसऱ्या दिवशी तोंडात दोन पिना धरूनच ते म्हणाले, "तुझ्या त्या सभागृहातल्या खुर्च्या मीच मढवलेल्या."

"मला कधी बोलला नाहीत!"

"काय बोलणार? तू अगदी हळुवार वाजवत होतीस, आणि माझ्याच बुडाखालची स्प्रिंग कुईऽऽ करून ओरडली. अख्खी रांग वळून बघायला लागली. माझंच काम, माझ्याच सुनेच्या कार्यक्रमात! मध्यंतरात तोंड लपवून पळालो. मग धीरच झाला नाही."

शिडीवर ती इतकी हसली की कापड सुटून त्यांच्या डोक्यावर पडलं. हसता हसता तिचे डोळे भरून आले. किती वर्षं आपण उगाच मनात अढी धरून बसलो!

"बाबा, मला ती कुई ऐकूच आली नव्हती हो."

"खरंच?" कापडाखालून आवाज आला. "शपथ?"

"शपथ."

सहाव्या दिवशी माइक स्टँडवर बसवून कमरेइतका खाली आणला. तिनं तो सूर लावला. भरदार, गोल, आणि इतरांच्या रांगेत गुमान उभा. सासऱ्यांनी मान डोलावली. "हं. आता बसला."

महिन्याभरात नऊ रचना रेकॉर्ड झाल्या. प्रत्येक वेळी ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, श्वासही बेतानं घेत बसायचे. चौथी संपली तेव्हा चाचरत म्हणाले, "ही जरा परत वाजवतेस का? रेकॉर्डिंगसाठी नाही गं, माझ्यासाठी."