निळा लालाकडे झुकलाय

चांगदेव रोकडे यांचा स्टुडिओत पहिला फोन आला तो सोमवारी सकाळी. त्यांच्या मुलाच्या, प्रेमच्या लग्नाची फिल्म त्यांना शनिवारी मिळाली होती.

"फिल्म छान झालीये," ते म्हणाले. "फक्त निळा लालाकडे झुकलाय."

रचना ठाण्याच्या नौपाड्यातल्या त्या स्टुडिओत सहा वर्षं फिल्मचे रंग दुरुस्त करत होती. लग्नाच्या फिल्मबद्दलच्या तक्रारी तिला पाठ होत्या. आत्या दिसत नाही, पंगत लांबली, नवरी काळी दिसते. निळ्याबद्दल आजवर कोणी फोन केला नव्हता. तिने आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर प्रोजेक्ट उघडलं आणि मंचामागचा पडदा पाहिला. तो निळा होता.

"काका, माझ्याकडे बरोबर दिसतंय. टीव्हीचं सेटिंग बदलून बघा."

"बदललं. शेजारच्या तीन घरांत पण बघितलं. झुकलाय."

मंगळवारी तिच्यासोबत काम करणाऱ्या सिद्धेशने पहिल्यासारखीच नव्या मशीनवरून फाइल पुन्हा काढून पाठवली. बुधवारी फोन आला. "मिळाली. तेवढाच झुकलाय."

गुरुवारी दुपारी रचना लॅपटॉप घेऊन डोंबिवलीला गेली. दार शेवंतीबाईंनी उघडलं.

"या. तुम्हीच का त्या निळ्यावाल्या?"

चांगदेवकाका टीव्हीसमोर खुर्ची टाकून बसले होते. एमआयडीसीतल्या एका डायच्या कारखान्यात, लॅबमध्ये, त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली होती. तयार मालाचा रंग नमुन्याशी जुळतो की नाही, एवढंच त्यांचं काम. टेबलावर कापडाचा एक तुकडा इस्त्री करून ठेवला होता. मंचावरच्या पडद्यातून उरलेला.

चहा देताना शेवंतीबाई सहज म्हणाल्या, "यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना मागच्या महिन्यात. एकाच डोळ्याचं."

रचनाला इतकं हलकं वाटलं की तिने दुसरं बिस्कीट घेतलं. मग शक्य तितक्या नम्रपणे म्हणाली, "काका, ऑपरेशननंतर निळा रंग जरा वेगळा दिसतो म्हणतात."

"दिसतो. उजव्या डोळ्याने सगळं निळसर दिसतं, डाव्याने सगळं चहात बुडवल्यासारखं. म्हणून मी एका वेळी एकच वापरतो." त्यांनी डावा डोळा तळहाताने झाकला. "पण डोळा कुठलाही असू दे, तो शॉट बघून बदलत नाही."

त्यांनी फिल्म लावली. भन्तेजी पंचशील देत होते, समोरून घेतलेला शॉट. काकांनी कापडाचा तुकडा टीव्हीत दिसणाऱ्या पडद्याशेजारी धरला. जुळत होता. पुढचा शॉट बाजूने घेतलेला होता. तोच मंच, तोच पडदा, पण आता त्यात जांभळ्याची छटा होती. फार नाही, पिकायला लागलेल्या जांभळाला असते तेवढीच. एकदा दिसल्यावर मात्र रचनाला तिच्याशिवाय दुसरं काही दिसेना. तिने लॅपटॉपवर तीच फाइल लावली. तिथेही तेच. म्हणजे टीव्हीचा दोष नव्हता आणि डोळ्याचाही नव्हता.

"आता एकेक बाद करत जायचं," काका वही उघडत म्हणाले. "बिघडलेत ते शॉट कुठले?"

दोघांनी वीस मिनिटं यादी केली. बिघडलेले सगळे शॉट दुसऱ्या कॅमेऱ्याचे निघाले.

"मग दुसऱ्या कॅमेऱ्याचं काय बदललं?"

"काहीच नाही."

"काहीच नाही असं नसतं. लॅबमध्ये पण सगळे हेच सांगायचे."

रचनाने सिद्धेशला फोन लावून स्पीकरवर ठेवला. "नव्या मशीनवर प्रोजेक्ट पहिल्यांदा उघडलंस तेव्हा काय झालेलं?"

"काय नाय. दुसऱ्या कॅमेऱ्याचे क्लिप सापडत नव्हते. ड्राइव्हचं नाव बदललेलं ना. मी केले ठीक."

"ठीक म्हणजे? जुनेच परत जोडलेस, की नवीन टाकलेस?"

"जोडले जात नव्हते गं. नवीन टाकले."

काकांनी ते वहीत लिहिलं. मग पेन थांबवून रचनाकडे पाहिलं.

"प्रत्येक क्लिपला एक खूण असते," तिने सांगितलं. "हा कुठल्या कॅमेऱ्याचा, याचे रंग कसे वाचायचे, ते सॉफ्टवेअरला कळावं म्हणून. क्लिप नवीन टाकले आणि ती खूण गेली. सॉफ्टवेअरने ते पहिल्या कॅमेऱ्याचे समजून वाचले. दोन्ही कॅमेरे जवळपास सारखे, म्हणून बाकी काही बिघडलं नाही. निळा तेवढा सरकला." तिचे कान गरम झाले होते. "आणि मी तीन दिवस जुन्या मशीनवर बघून तुम्हाला टीव्हीचं सेटिंग बदलायला सांगत होते. आज तर तुमच्या डोळ्यावरच ढकलणार होते."

"डोळा तपासायलाच हवा होता," काका म्हणाले, आणि तेही लिहिलं.

सिद्धेशने एक्केचाळीस क्लिपना खूण परत लावली. नवी फाइल यायला दोन तास लागले. तेवढ्या वेळात शेवंतीबाईंनी रचनाला भाकरी आणि सुकट खायला घातली, आणि लग्नात कोण कोण रुसलं होतं ते सविस्तर सांगितलं.

फाइल आली. काकांनी बाजूचा शॉट आधी उजव्या डोळ्याने पाहिला, मग डाव्याने. मग हात खाली घेऊन दोन्हींनी.

"जुळला," ते म्हणाले आणि वही मिटली.

फिल्म चालूच राहिली. बाजूच्या कॅमेऱ्यात प्रेम होता. भन्तेजींच्या मागोमाग म्हणता म्हणता त्याचा आवाज अडकला आणि त्याने बाहीने डोळे पुसले.

काका पुढे वाकले. "हा रडला?"

"रडला की."

"कधी?"

"तेव्हाच. तुम्ही शेजारीच बसलेलात."

"मी ही फिल्म नऊ वेळा बघितलीये, शेवंता."

"पडदा बघितलात," शेवंतीबाई म्हणाल्या.

काकांनी खुर्ची टीव्हीच्या जवळ ओढली आणि रचनाला फिल्म पहिल्यापासून लावायला सांगितली. तिने लावली, बॅग भरली, आणि मग ती परत खाली ठेवून बसली. ही फिल्म तिने सबंध आठवडा आवाज बंद करून केली होती. प्रेमचा आवाज तिने आज पहिल्यांदा ऐकला होता.